गाडी बंद करा, सर

पत्र:

ताई,
मी ४६ वर्षांचा. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दारू पितो. आधी शनिवारी मित्रांबरोबर नाइन्टी असायची, मग रोजची क्वार्टर झाली, आता क्वार्टरवर आणखी नाइन्टी लागते. शाळेत पिऊन कधी गेलो नव्हतो. यंदा दोनदा गेलो. प्रयोगशाळेच्या कपाटात ऊर्ध्वपातित पाण्याची बाटली असते, तिच्यात व्होडका भरून ठेवली होती. शिपायाने ती बाटली धुवायला उचलली तेव्हा माझं काय झालं, ते लिहिता येत नाही.

दर वर्षी श्रावण पाळतो. धर्म म्हणून नव्हे, मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातला माणूस आहे. मनात आणलं तर सोडू शकतो हे बायकोला दाखवायला पाळतो. यंदा तिसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिताना हात असा थरथरला की मुलांना अक्षर लागेना. संध्याकाळी घेतली, हात थांबला.

शोधल्यावर कळलं की शेजारच्या तालुक्याच्या गावी दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ची (एए) मीटिंग असते. गेलो. गेटबाहेर वीस मिनिटं गाडीवर बसून होतो, गाडी बंदही केली नाही. तेवढ्यात एका माजी विद्यार्थ्याचे वडील आत जाताना दिसले आणि मी वळलो. वाटेत दुकानापाशी थांबलो, हे वेगळं सांगायला नको.

मी खरंच दारुडा आहे का? नोकरी आहे, कर्ज नाही, बायकोवर कधी हात उचलला नाही. तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर काय करू? तिथे प्रार्थना असते म्हणतात आणि मी देव मानत नाही. मुलगी दहावीला आहे. परवा विचारत होती, “बाबा, तुम्ही आजारी आहात का?”
– एक शिक्षक

(गाव आणि काही तपशील बदलले आहेत.)

उत्तर:

सर, नमस्कार.

मीटिंगचं थोडं थांबू दे. आधी तो फळ्यावरचा हात.

तुम्ही तो दोन ओळींत उरकलात, पण पुढचं पत्र वाचताना मला सारखा तोच दिसत होता. मन कमकुवत म्हणून हात थरथरत नाही. रोज संध्याकाळी दारू येणार हे धरून मेंदूने आपला तोल बसवलेला असतो. दारू त्याला दाबते, म्हणून तोही उलट जोर लावून असतो. एके दिवशी दारू आलीच नाही, की तो जोर मोकाट सुटतो. मग थरथर, घाम, उलट्या, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. काहींना दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला नसलेली माणसं दिसायला लागतात, अंगावर किडे चढतायत असं वाटतं, बोलण्याचं भान सुटतं. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि त्याला देवऋषीकडे नेतात. तुमच्या कामात असा एखादा ‘लागलेला’ तुम्ही पाहिलाही असेल. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

तेव्हा उद्या-परवा, आठवड्याने नव्हे, मानसोपचार तज्ज्ञाकडे नाहीतर निदान चांगल्या फिजिशियनकडे जा. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे गेलात तर खिशालाही चाट बसणार नाही. डॉक्टरांना खरा आकडा सांगा. बायकोला सांगता तो नको. ते काही दिवसांच्या, हळूहळू कमी करत न्यायच्या गोळ्या देतील, जोडीला ब-१ जीवनसत्त्व देतील. गरज वाटली तर चार दिवस दाखल करून घेतील. भेट होईपर्यंत आपल्या मनाने एकदम बंद करू नका. सल्ल्याच्या सदरात हे छापताना मलाच कसंतरी होतंय, पण तुमचं यंदाचं तिसऱ्या दिवसाचं लक्षण पाहता हेच सांगायला हवं. मधल्या काळात फिट आली किंवा असंबद्ध बोलणं सुरू झालं तर डॉक्टरच्या तारखेची वाट न बघता थेट इस्पितळ गाठायचं, हे घरी सांगून ठेवा.

डॉक्टरकडे जायचीच लाज वाटत असेल तर आधी फोन करा. १४४१६ हा सरकारच्या ‘टेली-मानस’चा नंबर आहे. २०२२ साली सुरू झाला, पैसे पडत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलता येतं. व्यसनमुक्तीसाठी वेगळा नंबर हवा असेल तर १४४४६.

आणखी एक, हे तुमच्या घरच्यांसाठी. एसटी स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात. त्यातल्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. डायसल्फिरम नावाची गोळी डॉक्टर देतात, ती पेशंटला सांगून, तपासून. तीच गोळी कोणी गुपचूप भाजीत घातली आणि माणसाने वर दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. वहिनींनी असं काही आणून ठेवलं असेल तर आजच गटारात ओतायला सांगा.

आता तुमचा पहिला प्रश्न, दारुडा आहे का. तुम्ही विज्ञानाचे शिक्षक, तर गणित घालते. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के अल्कोहोल असं छापलेलं असतं. क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात शुद्ध अल्कोहोल ७७ मिली. घनता ०.७९ धरली तर ६१ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीला ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त, तेही महिन्यातून एकदा जरी झालं, तरी त्याला अतिमद्यपान म्हणते. तुमचं क्वार्टर अधिक नाइन्टी म्हणजे २७० मिली. उत्तर ९१ ग्रॅम येतं. रोज.

डॉक्टर लोक वापरतात ती चार प्रश्नांची एक छोटी चाचणीही आहे. दारू कमी करायला हवी असं कधी वाटलं का? कोणी पिण्यावरून बोललं तर चीड आली का? पिण्याबद्दल अपराधी वाटलं का? सकाळी उठल्यावर हात स्थिर व्हावा म्हणून, डोकं उतरावं म्हणून घ्यावी लागली का? दोन ‘हो’ आले तर गंभीरपणे घ्यायचं. तुमच्या पत्रात दोन मीच मोजले. बाकीच्या दोनांचं उत्तर तुमचं तुमच्यापाशी.

श्रावण पाळणाऱ्यांची पत्रं मला दर पावसाळ्यात येतात. सगळ्यांना मी एकच विचारते. गटारीला किती झाली आणि पोळ्याच्या रात्री किती, तेवढं सांगा, मग मधल्या महिन्याचं बोलू. माळ घालून सुटलेले लोक मी पाहिलेत आणि त्यांची चेष्टा मी कधी करणार नाही. गावात माळकऱ्याला कोणी ग्लास पुढे करत नाही, हा केवढा मोठा आधार असतो. पण तुमचा श्रावण हा बायकोसमोर मांडलेला पुरावा होता, आणि यंदा तो तिसऱ्याच दिवशी फुटला.

‘नोकरी आहे, कर्ज नाही, हात उचलला नाही’ हेही मी अनेकदा वाचलंय. प्रत्येक जण आपल्यापेक्षा वाईट अवस्थेतला एक माणूस मनाशी धरून असतो आणि ‘तो दारुडा, मी नाही’ म्हणतो. मीटिंगला जायला तुम्ही दारुडे असल्याचा दाखला लागत नाही. तिथे यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. ती नसती तर तुम्ही त्या गेटपर्यंत पेट्रोल जाळत गेलाच नसता.

मग ते गेटवरचे गृहस्थ.

सर, एक सांगा. ते तिथे कशाला आले होते, असा प्रश्न तुम्हाला पडला नाही? तुम्हाला वाटलं, मुलाच्या सरांना ते तिथे बघतील. आणि त्यांना काय वाटलं असेल, मुलाच्या सरांनी आपल्याला इथे पाहिलं तर? ते तरी आत गेले. तुम्ही आत गेला असतात तर दोघांचं गुपित एकच झालं असतं आणि ते फोडण्यात कोणाचाच फायदा नव्हता. मीटिंगमध्ये कोण दिसलं, कोण काय बोललं, ते तिथेच ठेवायचं हा त्यांचा रिवाज आहे. नावातला ‘अनामिक’पणा त्यासाठीच. आडनाव, गाव, हुद्दा कोणी विचारत नाही, हजेरीपट नसतो. गावाकडे हा रिवाज शंभर टक्के पाळला जातो अशी हमी मी देणार नाही, माणसंच ती. पण तुमचं पिणं आज कोणाकोणाला माहीत आहे ते एकदा मोजून बघा. वाइन शॉपच्या काउंटरवरचा पोरगा, शेजारचे, स्टाफरूममध्ये तुमच्या बाजूला बसणारे. आणि बहुधा तो शिपाईसुद्धा. त्याने बाटली उचलली होती ना?

तरीही पहिल्यांदा ओळखीचं कोणी नकोच असेल, तर लांब जा. पुण्यात, कोल्हापुरात मीटिंगा असतात, एसटीने जाऊन रात्री परत येता येतं. लांबच्या गावी पहिली मीटिंग आणि धीर आल्यावर जवळची, असं बरेच जण करतात. झूमवरही मीटिंगा चालतात. कोरोनाच्या टाळेबंदीत सुरू झाल्या त्या पुढे चालूच राहिल्या. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकलं तरी चालतं. मात्र फोनवरच्या मीटिंगवर कायमचं भागवू नका. का, ते पुढे येईल.

शोधायचं कसं, तेही सांगून टाकते. एए इंडियाच्या संकेतस्थळावर शहरावार यादी आणि हेल्पलाइनचे नंबर आहेत. यादीतला वार आणि वेळ मात्र जुनी असू शकते, शाळेच्या सुट्ट्यांत जागाही बदलते, म्हणून निघण्याआधी फोन कराच. फोन उचलणारा पगारी माणूस नसतो, तोही कधीतरी पहिल्यांदा गेलेलाच असतो. त्याला दोन गोष्टी विचारा. मीटिंग ‘ओपन’ आहे का ‘क्लोज्ड’? ओपनला घरचे, मित्र, कोणीही बसू शकतं. क्लोज्डला फक्त ज्यांना दारू सोडायची आहे ते, म्हणजे तुम्हाला दोन्ही चालतील. दुसरं म्हणजे, ‘मी पहिल्यांदाच येतोय, कोणी गेटवर भेटेल का?’ असं सरळ विचारा. भेटतं. तुमच्यासारखे गेटवरून वळणारे त्यांना नवीन नाहीत.

आत काय असतं, ते मी पाहिलेलं सांगते.

माझा धाकटा भाऊ. त्याला विचारून लिहिते आहे. मुंबईत परळच्या बाजूला महापालिकेच्या एका शाळेत संध्याकाळी मीटिंग भरायची. ओपन होती म्हणून मीही बरोबर गेले, खरं तर तो पळून जाऊ नये म्हणून. वर्ग दुसरीचा. फळ्यावर सातचा पाढा तसाच राहिलेला, सातनव्वे पुसट झालेले. बाक चिमुकले, त्यामुळे पन्नाशीचे बाप्ये गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. एकाच्या अंगावर टॅक्सीवाल्याचा खाकी शर्ट, त्याच्या शेजारी इस्त्रीच्या कपड्यांतला, टायची गाठ सैल केलेला कोणी साहेब. पुढे बाईंचं टेबल, त्यावर एक निळं कापड, दोन-चार पुस्तकं, भिंतीला टेकवलेली ‘फक्त आजचा दिवस’ अशी पाटी. कोपऱ्यात स्टीलची किटली.

सुरुवातीला दोन मिनिटं शांत बसायचं. मग एकाने संघटनेची माहिती वाचली. त्यानंतर एकेक जण उठायचा, पहिलं नाव सांगायचा, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणायचा, सगळे एका सुरात त्याला नमस्कार घालायचे आणि तो पाच-सात मिनिटं बोलायचा. मधे कोणी तोंड घालत नव्हतं. ‘तू असं करायला हवं होतंस’ कोणी म्हणत नव्हतं. आपल्याकडे चार माणसं जमली आणि एकानेही उपदेश केला नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघत होते. नव्या माणसाला बोलायची सक्ती नव्हती. भावाला विचारलं, त्याने मान हलवली, पुढच्याकडे गेले. शेवटी एक पिशवी फिरली, ज्याला वाटलं त्याने दहा-वीस रुपये टाकले, नव्याला म्हणाले तू टाकू नकोस. फी नाही, आणि बाहेरची देणगी ते घेतच नाहीत. सव्वा-दीड तासात आटोपलं.

तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं असतं, म्हणून त्या माणसांचं काही सांगत नाही. एवढं सांगितलं तर चालेल, की कोणीतरी बाटली लपवायची आपली जागा सांगितली आणि अख्खा वर्ग हसला. माझा भाऊ त्या हसण्यात होता. आठ महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. टॅक्सीत म्हणाला, “ताई, माझी पण तीच जागा.”

तुमच्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या बाटलीची गोष्ट तुम्ही ज्या दिवशी तिथे सांगाल ना सर, त्या दिवशी लोक हसतील. आणि तुम्हीही हसाल. शिपायाच्या हातात ती बाटली पाहून तुमचं काय झालं ते तुम्हाला मला लिहिता आलं नाही. त्या खोलीतल्या लोकांना लिहून द्यावं लागत नाही. झूमवर मन भरणार नाही म्हणाले ते यासाठी.

भाऊ पहिल्या मीटिंगनंतर सुटला, असं मात्र नाही. तिसऱ्या मीटिंगपर्यंत त्याला सगळं नाटकी वाटत होतं, एकाच माणसाची तीच गोष्ट पुन्हा ऐकून कंटाळा आला होता. ग्रुप बदलला, वांद्र्याच्या बाजूला एका चर्चच्या आवारात जायला लागला, तिथे जमलं. ग्रुपागणिक तऱ्हा वेगळी असते. एक नाही आवडला तर दुसरा बघायचा. तिथे त्याला स्पॉन्सर मिळाला, म्हणजे जुना सदस्य, ज्याला रात्री-अपरात्री फोन करायचा. अकरा महिने कोरडा राहिला आणि चुलतभावाच्या हळदीला घेतली. ‘स्लिप’ म्हणतात ते. दुसऱ्या संध्याकाळी तोंड लपवत गेला. कोणी ओरडलं नाही, परत आला म्हणून टाळ्या वाजवल्या आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. त्या दिवसाला आता १२ वर्षं झाली. आजही कोणी विचारलं तर ‘सोडली’ म्हणत नाही, ‘आज घेतली नाही’ म्हणतो. मला आधी ते फार तालीम केलेलं वाटायचं.

आता देवाचं. हा प्रश्न तुमच्यासाठी खरा आहे, तो टोलवत नाही. एएच्या कार्यक्रमाच्या बारा पायऱ्यांत ईश्वर येतो, एकदा नव्हे, बऱ्याचदा. मीटिंगच्या शेवटी प्रार्थना असते. जे बदलता येत नाही ते स्वीकारायची शांती, बदलता येतं ते बदलायचं धैर्य आणि दोन्हींतला फरक कळायची बुद्धी दे, अशा अर्थाची. पण १९३९ साली निघालेलं त्यांचं मूळ पुस्तक लिहिलं जात होतं, तेव्हाही त्यांच्यात एक कट्टर नास्तिक होता. त्याने भांडून भांडून ‘ईश्वर’च्या पुढे ‘आम्हाला जसा उमगला तसा’ हे शब्द घालायला लावले. त्या फटीतून नंतर कितीतरी नास्तिक आत आले. कोणी ‘हायर पॉवर’, म्हणजे आपल्याहून मोठी शक्ती, हा ग्रुपच समजतं, कारण एकट्याने जे जमलं नाही ते ग्रुपला जमतंय हे डोळ्यांसमोर दिसतं. मला स्वतःलाही त्या पायऱ्यांतल्या दोन-तीन जड जातात. माझा भाऊ प्रार्थनेच्या वेळी नुसता उभा राहतो. अजून कोणी त्याला हटकलेलं नाही.

पुरावा मागाल, तोही आहे. वैद्यकीय संशोधनं एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये एएवरचे २७ अभ्यास, १० हजारांवर लोक, पडताळले. दारू पूर्ण थांबवण्याच्या बाबतीत एए आणि त्याकडे नेणारे उपचार इतर मान्य मानसोपचारांच्या तोडीचे किंवा सरस ठरले. कारणं शोधली तेव्हा देवापेक्षा साध्या गोष्टी पुढे आल्या. संगत बदलते, अडचणीच्या वेळी कोणाला तरी फोन करता येतो, आपल्यालाही जमेल असं वाटायला लागतं.

आणि मूळ गोष्ट तर तुम्हाला आवडावी अशी आहे, तीत चमत्कार नाही. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. सौदा फसलेला, पाच महिने दारू न घेतलेली, एका बाजूला बारमधला गलका. आता आपण पिणार हे त्याला कळलं आणि तो टेलिफोनकडे वळला. चर्चांना फोन लावत सुटला, की मला बोलायला कोणीतरी दारुडा शोधून द्या. अशी त्याची गाठ डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि सहा तास बसले. याआधी त्यांना समजावणारे पुष्कळ भेटले होते. बिल हा पहिला माणूस, जो स्वतःचंच सांगत होता. १० जूनला सकाळी डॉक्टरांना ऑपरेशन होतं. हात थरथरत होता. तो स्थिर राहावा म्हणून बिलनेच त्यांना बिअरची एक बाटली दिली. ती त्यांची शेवटची. तोच दिवस एएचा जन्मदिवस धरतात. भारतात हे लोण १९५७ साली आलं.

तर थरथरत्या हाताचे तुम्ही पहिले नव्हेत, आणि डॉ. बॉब यांच्या हातात खडूऐवजी सुरी होती.

एए जमलंच नाही तर? असं होतं, त्यात गुन्हा नाही. तुमच्याच जिल्ह्यात ‘परिवर्तन’ आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेलं व्यसनमुक्ती केंद्र, तुम्हाला मी वेगळं काय सांगायचं. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांड्यांच्या मदतीने १९८६ मध्ये सुरू केलेलं ‘मुक्तांगण’ आहे. तिथे राहून उपचार होतात आणि नंतर पाठपुराव्याचे गटही असतात. हे सदर वाचणाऱ्या बायकांपैकी कोणाला स्वतःसाठी हवं असेल तर मुक्तांगणचाच ‘निशिगंध’ हा बायकांचा वेगळा विभाग आहे. कुठल्याही केंद्रात जायचं तर आधी स्वतः जाऊन बघा. रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेतो, महिनाभर फोन करू देणार नाही, असं सांगणाऱ्यांच्या वाटेला जाऊ नका. अशा एका ठिकाणाहून पाठीवर वळ घेऊन आलेला मुलगा माझ्यासमोर बसलेला आहे.

वहिनींसाठीही काहीतरी हवं. घरच्यांचे ‘अल-अ‍ॅनॉन’चे गट असतात, मुक्तांगणमध्ये बायकांचा ‘सहचरी’ गट आहे. तुम्ही सोडलीत काय, न सोडलीत काय, त्यांनी तिथे जायला हरकत नाही. तुमच्या बाटल्या मोजण्याच्या नोकरीतून त्यांची थोडी सुटका होईल.

मुलीने विचारलंय त्याचं उत्तर उद्या द्या. ‘हो, आजारी आहे, डॉक्टरकडे चाललोय’ एवढंच. शपथ नको, ‘तुझ्या दहावीसाठी सोडतो’ हे तर मुळीच नको. परीक्षेच्या वर्षात तिच्या डोक्यावर तुमची दारू कशाला?

पुढच्या मीटिंगच्या दिवशी डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर गाडी चालवू का, हे त्यांनाच विचारा. आदल्या दिवशी पाय घसरला असेल, अगदी त्या दिवशी घेतलेली असेल, तरी जा, पण एसटीने किंवा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून. प्यायलेल्याला तिथे सहसा हाकलत नाहीत, गप्प बसून ऐक म्हणतात. वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचा, उशीर झाला की भरलेल्या खोलीत शिरायचं निमित्त पुरतं परत फिरायला. दाराशी ते माजी विद्यार्थ्याचे वडील भेटले तर नमस्कार करा. त्यांच्या मुलाचं कसं चाललंय ते विचारायचं असेल तर नंतर चहाला विचारा.

आणि स्वतःच्या गाडीने गेलात तर ती गेटबाहेर रस्त्यावर लावू नका. आवारात न्या, बंद करा, मेन स्टँडवर लावा, किल्ली खिशात टाका.

– ताई